शेजारची लेनोर व्हान्स

३ ऑगस्ट, शनिवार

आज सकाळी टोमॅटोंऐवजी वसुधाच्या चपलांना पाणी घातलं गेलं. कारणही तसंच आहे. लेनोर व्हान्स जिवंत आहे. नुसती जिवंत नाही, आमच्या शेजारी राहायला आली आहे.

ऊन चढायच्या आत झाडांना पाणी घालावं म्हणून मी पाइप घेऊन पुढच्या अंगणात उभा होतो. ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या या प्लेनोत नऊनंतर बाहेर पडणारा माणूस एकतर पोस्टमन असतो नाहीतर वेडा. तेवढ्यात पलीकडच्या घरातून एक बाई निघाल्या आणि कोपऱ्यावरच्या पत्रपेट्यांकडे चालू लागल्या. नाव डॉटी प्रुइट, वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहतात, महिन्याभरापूर्वी आल्या, एवढं वसुधाकडून कळलं होतं. समोरासमोर दोनदा भेटलो तेव्हा मला काहीच जाणवलं नाही. आज पहिल्यांदा त्या पाठमोऱ्या दिसल्या. मान ताठ, डावा खांदा किंचित खाली, आणि प्रत्येक पाऊल टेकायच्या आधी एक बारीकसा थांबा. माझ्या हातातला पाइप कुठे वळला ते मला कळलंच नाही.

मी आयुष्यभर हायवेचे पूल डिझाइन केले. वजन कुठून येतं आणि कुठे उतरतं, हे बघायची डोळ्यांना सवय झाली आहे. ही चाल जगात एकाच बाईची. मी सांगलीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा तिथे रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. 'द विडो ऑफ माँटे व्हेरानो'मध्ये लेनोर व्हान्स काळा पायघोळ झगा घालून संगमरवरी जिना चढून जाते, एकदाही मागे वळून बघत नाही, आणि खाली नायक गुडघे टेकून रडतो. आमचं अख्खं हॉस्टेल रडलं होतं. सिनेमातलं इंग्रजी आमच्यातल्या कुणालाच कळत नव्हतं, पण जिना सगळ्यांना कळला. मी त्या जिन्यासाठी महिनाभर दर रविवारी गेलो आणि त्या वर्षी सर्व्हेइंगमध्ये आपटलो.

घरात पळत जाऊन वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, "आधी चपला उन्हात टाका."

जेवताना तिने विचारलं, "माझ्यात काही वेगळं वाटतंय का?" मी म्हटलं, आमटीत गूळ जरा जास्त झालाय.

६ ऑगस्ट, मंगळवार

इथल्या मराठी मंडळाची झूमवर बैठक. १४ सप्टेंबरला शाळेच्या सभागृहात गणेशोत्सवाचा कार्यक्रम आहे आणि प्रमुख पाहुणे अजून ठरलेले नाहीत. मी मात्र ठरलेलाच असतो. मंडळ निघाल्यापासून पाहुण्यांचा परिचय मीच करून देतो. लोक मला पाठीमागे 'परिचयमूर्ती' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ते आवडतं.

आज मात्र आमच्या डॉक्टर चारुदत्तांनी विषय काढला. हे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. दुसऱ्याच्या काळजाला हात घालायची सवय अजून गेलेली नाही. म्हणाले, "उल्हासराव, राग मानू नका, पण तुमचा परिचय सुरू झाला की लोक जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. मागच्या वर्षी तर पाहुणेही जाऊन उभे राहिले होते."

हे खरं आहे. पण त्या पाहुण्यांना मधुमेह होता.

सेक्रेटरी मिहीर इथेच जन्मलेला, मुलगा चांगला आहे. तो म्हणाला, "काका, नो ऑफेन्स, पण आपण स्लाइड्स करू या ना. तीन स्लाइड्स, थोडं म्युझिक, डन." अध्यक्ष नैना गप्प होती, म्हणजे तीही त्यांच्याच बाजूची. पूल बांधायचे थांबले, गाडी हायवेवर नेणं लेकीने थांबवलं. वर्षातून एकदा माइकसमोर उभं राहून कुणाबद्दल तरी चार चांगले शब्द बोलणं तेवढं माझं उरलं आहे. तेही गेलं तर मी सभागृहात खुर्च्या मोजायच्या का?

तोंडातून निघून गेलं, "यंदा मी लेनोर व्हान्सला आणतोय. हॉलिवूडची."

नैना बिचारी मनाने मोकळी आहे. म्हणाली, "काका, त्या आल्या तर परिचय तुमचा, कितीही वेळ घ्या, आणि पुढेही कायम तुमचाच. नाही आल्या तर मात्र पुढच्या वर्षीपासून स्लाइड्स. ओके?"

मी ओके म्हटलं. चारुदत्त हसले असावेत. निदान ज्या चौकोनातून हसणं ऐकू आलं तो त्यांचा असावा. झूमवर मला सगळे सारखेच दिसतात.

११ ऑगस्ट, रविवार

भरली भेंडी घेऊन डॉटीबाईंकडे गेलो. वसुधा बरोबर होती. तिची आणि बाईंची ओळख माझ्या आधीची, दोघी मिळून क्लबमध्ये पाण्यातले व्यायाम करायला जातात. जाताना वाटेत ती म्हणाली, "अहो, डॉटीबद्दल तुम्हाला एक सांगायचंय." मी म्हटलं, नंतर. महत्त्वाच्या कामाला जाताना बायकांच्या व्यायामाच्या गोष्टी ऐकत बसलं की मन विचलित होतं.

बाईंनी भेंडी आवडीने खाल्ली. त्यांच्या परसातही भेंडी लावलेली आहे. मी थेट विषयाला हात घातला. म्हटलं, मॅडम, मी तुम्हाला ओळखलंय. तुम्ही लेनोर व्हान्स.

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाही हो, हनी. मी ती नाही."

वसुधाने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनीच धीर दिला. आपल्याकडे पहिला नको हा शिष्टाचाराचा असतो, दुसरा विनयाचा, आणि तिसरा नको म्हणणाऱ्याच्या पोटात जागा असते. तीन वेळा नको म्हटल्याशिवाय जिलबी घेणारा माणूस हावरट ठरतो. एवढी मोठी नटी पहिल्याच फटक्यात हो कशी म्हणेल?

शिवाय पुरावा दिवाणखान्यातच होता. फडताळावर एक जुना फोटो. काळा झगा घातलेली लेनोर व्हान्स आरशासमोर उभी आहे. झगा तोच, केस तेच, उंची तीच. गंमत म्हणजे आरशातली लेनोर हसते आहे आणि आरशाबाहेरची सँडविच खाते आहे. जुने कॅमेरे असेच असायचे.

१२ ऑगस्ट, सोमवार

अंतराचा ऑस्टिनहून फोन. आमची लेक वकील आहे, त्यामुळे तिला सगळ्याचा पुरावा लागतो.

"बाबा, आय लुक्ड हर अप. लेनोर व्हान्स डाइड इन टू थाउजंड इलेव्हन. इन पोर्तुगाल. ऑल ओव्हर गूगल आहे ते."

मी म्हटलं, ज्या गूगलने मला मागच्या महिन्यात तळ्यात गाडी घालायला सांगितली, त्याच्यावर मी विश्वास ठेवू? प्रसिद्धीला कंटाळलेली माणसं अशा अफवा मुद्दाम पसरवतात.

"बाबा."

"काय?"

"गिव्ह द फोन टू आई."

मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. वसुधा मध्येच खुदकन हसली. शेवटी म्हणाली, "नाही गं, त्यांनी अजून बघितलाच नाहीये. बघू या कधी बघतात." काय बघायचं राहिलंय कोण जाणे. माझी सगळी बिलं भरलेली आहेत.

१८ ऑगस्ट, रविवार

पोहे, तांदूळ आणि मोदकाच्या पिठासाठी अर्विंगच्या भारतीय दुकानात गेलो. गाडी वसुधाने चालवली. मसाल्यांपाशी चारुदत्त भेटले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की परिचय ही आपली संस्कृती आहे, आणि ज्याला रांगेत उभं राहायचं त्याने खुशाल उभं राहावं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, "करेक्ट सर" म्हणाले. मला बरं वाटलं. गाडीत बसल्यावर वसुधा म्हणाली, "ते चारुदत्त नव्हते. कुणीतरी तेलुगू गृहस्थ होते. त्यांना चणाडाळीचं पाकीट हवं होतं, तुम्ही आडवे उभे होतात."

असं होतं माझं. चेहरा माझ्या लक्षात राहत नाही, पहिल्यापासूनच. पण पाठीमागून मी माणूस शंभर फुटांवरून ओळखतो. त्या गृहस्थांनी पाठ दाखवली असती तर ही वेळच आली नसती.

संध्याकाळी डॉटीबाईंना दुसऱ्यांदा विचारलं. "उल्हास, शुगर, मी खरंच लेनोर नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला नीट समजावून सांगते, बसा." म्हटलं, समजलं, सगळं समजलं, आणि घाईने उठलो. दुसऱ्या नकोच्या वेळी पाहुण्याला जास्त बोलू दिलं तर तिसरा नको लांबतो.

घरी आल्यावर वसुधा म्हणाली, "अहो, एकदा माझं ऐकून घ्या. डॉटी ती नाहीये." म्हटलं, तुला काय माहीत, तू कुठे सांगलीला होतीस. ती नुसता चष्मा काढून पुसत बसली.

२४ ऑगस्ट, शनिवार

हो म्हणाल्या!

तिसऱ्या खेपेला मी एकटाच गेलो. त्या परसात भेंड्या तोडत होत्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तर माझं व्यासपीठ जाईल, पण त्याचं ओझं तुमच्यावर नको. मला फक्त एकदा तुम्हाला त्या जिन्याबद्दल सांगायचं आहे. मग सगळं सांगितलं. सहा-सात पायऱ्या चढल्यावर ती क्षणभर थांबते, डाव्या हाताने झगा जरासा उचलते, आणि पुढची पायरी मुद्दाम टाचेवर भार देऊन चढते. तेवढ्या एका थांब्यात कळतं की हिला वळून बघायचं आहे आणि ही बघणार नाही. पुढे मी पुलांचे शेकडो खांब उभे केले, पण वजन असं पेलणं पुन्हा कुठे पाहिलं नाही.

डॉटीबाईंच्या हातातली भेंडी तशीच राहिली. म्हणाल्या, "ती पायरी सैल होती. लाकडाचीच होती, वरून संगमरवराचा रंग. आधी एकदा तिच्यावरून पडून झालं होतं. म्हणून टाच."

आता बोला! हे लेनोर व्हान्सशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

"तरीसुद्धा मी ती नाही, उल्हास," असं त्या पुन्हा म्हणाल्याच. तिसरा झाला! मग म्हणाल्या, "पण मी येते. डॉटी प्रुइट म्हणूनच येईन. पत्रिकेवर दुसरं नाव घालायचं नाही. चालेल?"

न चालायला काय झालं? मोठी माणसं अशीच वेश पालटून येतात. मी ही गोष्ट अगदी गुप्त ठेवली आहे. मंडळात सगळ्यांना फोन करून तसं बजावलंसुद्धा.

२९ ऑगस्ट, गुरुवार

परिचय लिहून होत आला. गॅरेजमध्ये मोठ्याने वाचून बघतो. समोरच्या घरातल्या कुत्र्याला सुरुवात पाठ झाली आहे, मी घसा खाकरला की ते आत निघून जातं.

तिची सगळी कारकीर्द घेतली आहे. 'अ ग्लव्ह फॉर मिस्टर पॅक्स्टन'मध्ये ती एकेक बोट मोकळं करत हातमोजा काढते. पडद्यावर तेव्हा फक्त दोन हात असतात, आणि तेवढ्यावरून कळतं की मिस्टर पॅक्स्टनचं काही खरं नाही. 'लास्ट हॉर्स टू अमरिलो'मध्ये ती भरधाव घोड्यावरून नदी ओलांडते, लांबून, धुळीतून, आणि खोगिरात एकदासुद्धा उसळत नाही. मग शिडीवरून जहाजावर चढणं, पावसात छत्री मिटणं. शेवट अर्थात जिन्याचा. डोळे, ओठ, हसू यांवर मासिकवाल्यांनी तेव्हा पुष्कळ लिहिलं होतं म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही, म्हणून ते टाळलं.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

घरी गणपती बसले. डॉटीबाई आरतीला आल्या होत्या. टाळ्या अगदी ठेक्यात वाजवल्या. मोदक तीन खाल्ले, चौथ्याला वसुधाने आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "नको. आणि माझा नको म्हणजे खरंच नको असतो." दोघी एवढ्या हसल्या की वसुधाला ठसका लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग बाईंनी परिचय वाचून दाखवायला सांगितला. मी इंग्रजीत करून सांगत गेलो. हातमोजा झाला, घोडा झाला, जिना आला. वर बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. म्हणाल्या, "जिन्याचं पुन्हा एकदा वाचा." वाचलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तिच्या चेहऱ्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत."

मोठे कलावंत स्वतःबद्दल असं 'ती' म्हणून बोलतात. अलिप्तपणा असतो त्यांच्यात.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मी घाबरलो आहे. खरं लिहायला हरकत नाही, ही डायरी कोण वाचतंय.

मिहीर घरी आला होता, माइक आणि पडद्याचं ठरवायला. त्याने फोनवर लेनोर व्हान्सचा तरुणपणीचा फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. "काका, डोन्ट बी मॅड. पण डॉटी आंटीचं नाक कम्प्लीटली डिफरंट आहे. डोळे पण. हिचे ग्रीन आहेत, आंटीचे ब्राउन."

ऐंशीव्या वर्षी नाक तेच कसं राहील, असं मी म्हणालो. पण तो गेल्यावर बसून राहिलो. मी तेलुगू गृहस्थाला चारुदत्त समजलो. लेकीच्या लग्नात व्याह्यांऐवजी फोटोग्राफरला मिठी मारली. मग इथेही चूक झाली असेल तर? परिचय जाईल तो जाईल, पण एका म्हाताऱ्या बाईला चारशे माणसांसमोर उभं करून मी तिचं हसं करणार. तीन वेळा नाही म्हणाल्या त्या. जर तो नको खरोखरीचा असेल तर?

वसुधाला म्हटलं, कॅन्सल करू या का? ती मोदकाची भांडी जागेवर लावत होती. म्हणाली, "आता काही कॅन्सल करायचं नाही. पैठणीला फॉल लावून झालाय."

"कुणाच्या पैठणीला?"

"माझी जांभळी, डॉटी नेसणार आहे. आणि एक ऐका, परिचयातलं अक्षरसुद्धा बदलू नका."

कधी नव्हे ती माझा परिचय बदलू नको म्हणते आहे. म्हणजे काहीतरी गंभीर आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

कार्यक्रम झाला. काय लिहू? उद्या.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळचा चहा झाला आहे. आता सगळं क्रमाने लिहितो.

सभागृह भरलं होतं, गुप्त बातमी सगळ्यांपर्यंत पोचली होती. डॉटीबाई जांभळ्या पैठणीत वसुधाचा हात धरून आल्या. नैनाने शाल घातली आणि नारळ दिला. बाई टेक्सासमध्ये वाढलेल्या, त्यांनी तो इथल्या फुटबॉलसारखा काखेत धरला. पुढच्या रांगेत चारुदत्त हाताची घडी घालून बसले होते. या खेपेला तेच होते, वसुधाकडून आधीच खात्री करून घेतली.

मी सुरू केलं. दहा मिनिटं झाली, कुणी उठलं नाही. पंधरा झाली, जेवणाच्या रांगेत चिटपाखरू नाही. जिन्यापाशी आलो, आणि सभागृहात इतकं शांत झालं की स्वयंपाकघरातल्या भजीचं तळण ऐकू येत होतं. शेवटी म्हटलं, अशा या लेनोर व्हान्स! टाळ्यांचा कडकडाट झाला.

डॉटीबाई माइकपाशी आल्या. नारळ काखेतच.

"माझं नाव डॉटी प्रुइट," त्या म्हणाल्या. "या गृहस्थांना मी तीन वेळा नाही म्हणाले. नंतर वसुधाने मला सांगितलं की तुमच्याकडे तीन नाहींचा मिळून एक हो होतो."

थोडे लोक हसले.

"लेनोर माझी मैत्रीण होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिची डबल होते. तिचा चेहरा दिसत असेल तेव्हा ती लेनोर. चेहरा दिसत नसेल तेव्हा ती मी. तिला घोड्याची भीती वाटायची, आणि नखं कुरतडून तिने बोटांची वाट लावली होती. त्यामुळे ते हात माझे. आणि त्या जिन्यावरून पहिल्याच दिवशी ती पडली, पाय मुरगळला, म्हणून तिचा झगा घालून मी चढले. माझं नाव एकाही सिनेमात नाही. त्या जिन्याबद्दल लोक तिच्याशी खूप बोलले. माझ्याशी कुणी बोललं नाही. पन्नास वर्षांनी एक माणूस हातात भेंडीचा डबा घेऊन आला आणि मला माझंच काम सांगायला लागला. मला त्याला अडवायला हवं होतं. अडवलंही. पण खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं."

मग चारुदत्त उठले. "म्हणजे उल्हासराव, तुम्ही आणलेल्या पाहुण्या त्या नव्हेतच! सगळा परिचयच चुकला!"

मी कागदांकडे बघितलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं. हात, घोडा, शिडी, छत्री, जिना. एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेलो. इतकी वर्षं मी पाहुण्यांचे परिचय करून देतो, पण असं कधी झालं नव्हतं. माइकपाशी गेलो.

"मंडळी, पाहुण्यांच्या परिचयात एक चूक झाली आहे," मी म्हणालो. "नाव चुकलं. बाकी सगळं बरोबर आहे."

खिशातून पेन काढून पहिल्या पानावरचं नाव खोडलं, त्यावर डॉटी प्रुइट लिहिलं, आणि सुरुवातीपासून परत वाचायला लागलो. सगळं. नैनाने थांबवलं नाही. मिहीर पडद्यामागून "ओह माय गॉड, ही इज डुइंग इट अगेन" म्हणाला ते माइकवर सगळ्यांना ऐकू गेलं. पण उठलं कुणीच नाही. जिन्याच्या ओळी आल्या तेव्हा बाई स्वतः व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या, वळल्या, आणि सभागृहाकडे पाठ करून पुन्हा वर चढल्या. मान ताठ, डावा खांदा किंचित खाली, एका हाताने पैठणी जराशी उचललेली. तिसऱ्या पायरीवर थांबल्या, टाच टेकली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी रडत होतो. चारुदत्तही रडत होते, किंवा त्यांच्या शेजारचे.

भजी तेवढी गार झाली.

सकाळी नैनाचा फोन आला. "काका, परिचय कायम तुमचा. पण प्लीज, एकदाच वाचायचा." मी हो म्हटलं. पहिल्याच खेपेला.

मग वसुधाला विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यापासून. पाण्यात सांगितलं तिने."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तीन वेळा सांगायला आले," ती म्हणाली. "दोनदा तुम्ही उडवून लावलंत, आणि एकदा झोपलात."

म्हटलं, आणखी काही सांगायचं राहिलंय का? ती नुसतीच माझ्याकडे बघत बसली. मीही बघत राहिलो. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं की तिच्या नाकावर लालभडक फ्रेमचा चष्मा आहे.

"हा नवीन आहे का?"

"तुम्ही चपलांना पाणी घातलंत त्याच्या आदल्या दिवसापासून," ती म्हणाली. "डॉटीने पसंत केला. अंतराने पैज लावली होती दसऱ्याची, मी म्हटलं होतं दिवाळी."

मला फार वाईट वाटलं. मग तिला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तिला बघायला तिच्या वडिलांकडे गेलो होतो तेव्हा मी लाजेने मान वर केलीच नव्हती. ती पोहे घेऊन आली, बसली, प्रश्न झाले, मला चेहरा दिसलाच नाही. पण रिकाम्या बशांचा ट्रे घेऊन ती आत जायला वळली, उंबऱ्यापाशी थांबली, ट्रे सावरला आणि पाऊल टाकलं, तेव्हा मी मामांच्या कानात म्हटलं होतं, हीच.

वसुधा उठली. कप उचलले आणि स्वयंपाकघराकडे निघाली. दारापाशी थांबली, कप सावरले, पाऊल टाकलं. डाव्या गुडघ्यामुळे पाऊल आता जरा जपून टाकते, एवढाच फरक.

"हीच," मी म्हटलं.

एकदाच म्हटलं, पण तिला ऐकू गेलं.